जनुकांचे भय आणि नगरजनांचा हक्क

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, अशी आपल्याकडे म्हण आहे. सजीवांची जनुके कापून जोडण्याच्या नव्या विद्येविषयी एखाद्या सामान्य माणसाने शंका काढली की विद्वान मंडळी बहुधा हीच म्हण त्याच्या तोंडावर फेकतात. लोक अडाणी आहेत, भुताला भ्यावे तसे विज्ञानाला भितात, चार गोष्टी समजावून सांगितल्या की त्यांची भीती जाईल, असा एकंदर सूर असतो. याच्या उलट टोकाला दुसरी मंडळी आहेत. ती लोकांच्या भीतीला फुंकर घालून तिचा वणवा करू पाहतात आणि प्रत्येक वांग्यात राक्षस दडून बसला आहे असे सांगत सुटतात. या दोन्ही पक्षांचे आपसात कितीही भांडण असो, एका गोष्टीवर त्यांचे एकमत दिसते. ती गोष्ट म्हणजे, लोकांना स्वतःची बुद्धी नाही.

आमचे म्हणणे याहून निराळे आहे, आणि त्याला आधार आहे तो गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचा. लोकांच्या भीतीला जेथे मानाने बसवून घेतले, तिला काय म्हणावयाचे आहे ते ऐकून घेतले, तेथे त्या भीतीचे शहाणपण झाले आणि विद्याही बुडाली नाही. जेथे तिला दाराबाहेर उभे केले, तेथे ती अफवा होऊन गावोगाव हिंडली. हा इतिहास नगरजनांनी समजून घ्यावा एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम ही विद्या कोणती ते साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाच्या द्रव्याचा एक लांबच लांब धागा असतो. अंगात कोणते द्रव्य केव्हा तयार व्हावे याचा हुकूम त्या धाग्यावर लिहिलेला असतो, आणि त्या धाग्याचा एकेका हुकमापुरता तुकडा म्हणजे जनुक. शेतकरी हजारो वर्षे निवडक बियाणे राखून आणि चांगल्या जातींचा संकर करून हे हुकूम आडवाटेने बदलीत आला. परंतु त्याला एक मर्यादा होती. गव्हाचा संकर बेडकाशी होत नसे. १९७३ साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बोयर या दोन शास्त्रज्ञांनी ती मर्यादा ओलांडली. डीएनए कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या द्रव्यांच्या साहाय्याने एका जिवाचे जनुक काढून दुसऱ्या जिवात बसवावयाचे, ही त्यांची रीत. बेडकाचा डीएनए एका जीवाणूत जाऊन बसला आणि तो जीवाणू वाढू लागला, तसतसा तो तुकडाही त्याच्या पिढ्यांबरोबर वाढू लागला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विद्येचे पहिले भय बाजारात किंवा चावडीवर उपजले नाही. ते उपजले खुद्द प्रयोगशाळेत. पॉल बर्ग हे शास्त्रज्ञ माकडाच्या एका विषाणूचे जनुक ई. कोलाय या जीवाणूत घालण्याच्या विचारात होते. हा विषाणू उंदीरजातीच्या प्राण्यांत गाठी उत्पन्न करतो हे ठाऊक होते, आणि ई. कोलाय तर माणसाच्या आतड्यातच राहणारा जीवाणू! १९७१ साली रॉबर्ट पोलॅक या दुसऱ्या शास्त्रज्ञाने बर्ग यांना दूरध्वनी करून विचारले, हा जीवाणू प्रयोगशाळेबाहेर पडला तर काय कराल? बर्ग यांनी विचार केला आणि तो प्रयोग थांबविला. पुढे १९७४ च्या जुलैत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर पत्र प्रसिद्ध केले आणि काही जातीचे प्रयोग सर्वांनी आपखुशीने थांबवावेत अशी विनंती केली. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात असिलोमार या समुद्रकाठच्या ठिकाणी सुमारे १४० जण जमले, आणि कोणता प्रयोग किती बंदोबस्तात करावा याची प्रतवारी त्यांनी ठरविली.

शास्त्राच्या इतिहासात ही घटना मोलाची आहे यात शंका नाही. आपल्या हातातील हत्यार धोक्याचे असू शकेल असे स्वतः होऊन म्हणणारे कारागीर थोडेच. परंतु असिलोमारला जमले होते ते शास्त्रज्ञ, काही वकील आणि काही पत्रकार. ज्यांच्या गल्लीत या प्रयोगशाळा उभ्या राहावयाच्या ते लोक तेथे नव्हते. ज्यांना काचेची भांडी धुवावयाची, पिंजऱ्यातील जनावरांना खाऊ घालावयाचे, रात्री फरशी पुसावयाची, तेही नव्हते. पुढची कथा या रिकाम्या जागेतून सुरू होते.

अमेरिकेत बोस्टन शहरासमोर, चार्ल्स नदीच्या पलीकडे, केंब्रिज नावाचे गाव आहे. त्या काळी वस्ती सुमारे एक लाख. हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी ही तंत्रशाळा, दोन्ही याच गावात. पण गावाचा दुसरा अर्धा भाग कामकरी लोकांचा, आणि त्यात इटलीतून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती. विद्यापीठ आणि गाव यांचे फारसे सख्य नव्हते. त्या वेळचे महापौर आल्फ्रेड व्हेलुची हे त्या कामकरी वस्तीचे पुढारी. हार्वर्डच्या प्रसिद्ध अंगणात मोटारी उभ्या करण्याचा तळ करावा, असा प्रस्ताव त्यांनी कधीकाळी मांडला होता. यावरून माणूस कोणत्या मातीचा होता ते कळावे.

१९७६ साली हार्वर्डने आपल्या जीवशास्त्राच्या इमारतीत या नव्या प्रयोगांसाठी मध्यम-उच्च बंदोबस्ताची, त्यांच्या भाषेत पी-३ दर्जाची, प्रयोगशाळा बांधण्याचे योजिले. बोस्टनच्या एका साप्ताहिकात बातमी आली आणि महापौरांच्या कानी गेली. विद्यापीठातही दुफळी होती. जॉर्ज वॉल्ड हे नोबेल पारितोषिक मिळविलेले शास्त्रज्ञ आणि रूथ हबर्ड या दोघांचा या बेताला विरोध होता, तर मार्क टाश्ने आदी मंडळी त्याचा कैवार घेत होती. विरोधकांचा एक मुद्दा फार साधा होता. ती इमारत जुनी असून तिच्यात मुंग्यांचा सुळसुळाट होता, आणि त्या काही केल्या हटत नव्हत्या. जेथे मुंगी आवरत नाही तेथे जीवाणू कसा आवरणार, असे कोणी विचारले तर त्याला अडाणी म्हणता येईल काय? आम्हां कामगार चळवळीतील माणसांना हा प्रश्न पाहताक्षणी आपला वाटतो. नकाशावर कारखाना नेहमीच सुरक्षित असतो. पट्ट्यावरची जाळी कोठे निखळली आहे हे यंत्राशी उभा राहणारा सांगतो.

२३ जून १९७६ रोजी नगरसभेपुढे सुनावणी झाली. सभागृह खचाखच भरले होते. महापौरांनी शास्त्रज्ञांना बजावले की इथे बसलेले आम्ही साधे लोक आहोत, तेव्हा तुमची आद्याक्षरे बाजूला ठेवा आणि आम्हांला समजेल असे बोला. योगायोग असा की, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या प्रयोगांचे नियम त्याच दिवशी जाहीर केले. जुलैत पुन्हा सुनावणी झाली आणि नगरसभेने वरच्या बंदोबस्ताचे प्रयोग तीन महिने तहकूब ठेवण्यास सांगितले. पुढे ही मुदत वाढली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी थट्टा केली. महापौर स्वतः नाटकी बोलत आणि त्यांच्या बोलण्यात राक्षस, अक्राळविक्राळ प्राणी येत, त्यामुळे थट्टेला आयता विषय मिळाला.

पण थट्टा करणाऱ्यांनी पुढचा भाग पाहिला नाही. गावाने एक नागरिक मंडळ नेमले. आठ माणसांचे. अध्यक्ष, घरे तापविण्याच्या तेलाचा धंदा करणारे एक माजी महापौर. सभासदांत रुग्णालयात शुश्रूषा करणारी एक जोगीण, एक डॉक्टर, एक परिचारिका, एक स्थापत्य अभियंता, एक पूर्वीच्या नगरसेविका, वस्तीत काम करणारी एक कार्यकर्ती, आणि शेल्डन क्रिम्स्की हे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. जनुके जोडणारा एकही शास्त्रज्ञ त्यांत नव्हता, आणि तसा तो नसावा हे जाणूनबुजून ठरविले होते. ही माणसे १९७६ च्या उन्हाळ्याअखेरीपासून हिवाळ्यापर्यंत जमत राहिली. शंभराहून अधिक तास त्यांनी या कामात घालविले. दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ बोलावले, प्रयोगशाळा पाहिल्या, आणि एकदा तर न्यायालयासारखी मांडणी करून दोन्ही पक्षांना एकमेकांची उलटतपासणी घ्यावयास लावली. आपापले पोटापाण्याचे काम सांभाळून संध्याकाळी येऊन बसणाऱ्या माणसांनी हे केले. जीवशास्त्राची पदवी नसणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यांचे विशेष कौतुक वाटते. पण कौतुक बाजूला ठेवून त्यांनी काय निर्णय दिला ते पाहू.

१९७७ च्या जानेवारीत त्यांचा अहवाल आला, आणि तो एकमताचा होता. प्रयोगांना त्यांनी मनाई केली नाही. परवानगी दिली, पण राष्ट्रीय नियमांवर स्वतःच्या अटी चढविल्या. वरच्या बंदोबस्ताच्या प्रयोगांत वापरावयाचा जीवाणू असा दुबळा केलेला असावा की प्रयोगशाळेबाहेर तो तगू नये. असा एक जीवाणू रॉय कर्टिस यांनी त्याच सुमारास तयार केला होता. वापरात असलेला जीवाणू शुद्ध आहे की नाही आणि नेहमीच्या औषधांना तो दाद देतो की नाही, हे तपासावे. तो प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या आतड्यात जाऊन जगतो काय, यावर नजर ठेवावी. काम करणाऱ्यांना नीट शिक्षण द्यावे. संस्थेची जी सुरक्षा समिती असेल तीत निरनिराळ्या शास्त्रांचे लोक असावेत, आणि त्यांच्या जोडीला प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी आणि संस्थेशी संबंध नसलेला निदान एक नागरिक असावा. या अहवालाच्या आधारे ७ फेब्रुवारी १९७७ रोजी केंब्रिजच्या नगरसभेने कायदा केला. सर्वांत धोक्याच्या, पी-४ दर्जाच्या, प्रयोगांना गावात बंदी ठेवली. या विषयावरचा अमेरिकेतील हा पहिला कायदा.

या अटी पुन्हा एकदा वाचून पाहाव्यात. त्यांत राक्षस कोठेच नाही. लोकांची भीती म्हणून जी काही होती ती सुपात घेऊन या आठ जणांनी पाखडली. फोलपट वाऱ्यावर गेले आणि खाली दाणा उरला तो हा: आत काम करणाऱ्याच्या पोटात काय जाते, आणि समितीत त्याच्या बाजूने कोण बोलते?

हा दाणा किती सकस होता हे पुढच्याच वर्षी दिसून आले, आणि तेही महासागरापलीकडे इंग्लंडात. १९७८ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत देवीच्या विषाणूवर संशोधन चालू होते. तेथे जनुकांची जोडाजोड नव्हती, हा जुना निसर्गातलाच विषाणू होता. देवीचा रोग तोवर जगातून जवळजवळ हद्दपार झाला होता. त्याच इमारतीत, प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर, छायाचित्रे काढण्याचे काम करणारी एक बाई देवीने आजारी पडली आणि ११ सप्टेंबर १९७८ रोजी मरण पावली. देवीने झालेला जगातील हा शेवटचा मृत्यू. विषाणू तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने गेला यावर वाद झाला आणि विद्यापीठावरील आरोप न्यायालयात शाबीत झाला नाही. परंतु त्या बाईचा संशोधनाशी काडीचाही संबंध नव्हता, तिला त्यावर मत देण्याचा हक्क नव्हता, आणि मरण मात्र तिच्या वाट्याला आले. चौकशीचा अहवाल १९७९ च्या आरंभी लोकांपुढे आला तो एएसटीएमएस या कामगार संघटनेचे सरचिटणीस क्लाइव्ह जेन्किन्स यांनी तो उघड केला म्हणून. हीच संघटना जनुकीय प्रयोगांच्या बाबतीतही जागी होती. १९७६ साली ब्रिटिश सरकारने या प्रयोगांवर देखरेखीसाठी जे सल्लागार मंडळ स्थापिले, त्यात शास्त्रज्ञ व मालक यांच्या जोडीला कामगार संघटनांचे आणि सर्वसाधारण जनतेचे प्रतिनिधी घेण्यात आले. कामगारांचे प्रतिनिधी तेथे बसले म्हणून इंग्लंडातील जीवशास्त्र मागे पडले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आणि केंब्रिजचे काय झाले? विरोधक म्हणत होते तशी रोगाची साथ आली नाही. समर्थक म्हणत होते तसे विज्ञान गाव सोडून पळालेही नाही. जसजसा अनुभव वाढला तसतसे भय कमी झाले आणि राष्ट्रीय नियमही सैल झाले. १९७८ साली कॅलिफोर्नियात रासायनिक रीतीने घडविलेले जनुक जीवाणूत बसवून मानवी इन्शुलिन तयार करण्यात आले. १९८२ साली ते औषध म्हणून मान्य झाले. तोवर मधुमेही माणसाला डुकराच्या व गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर भिस्त ठेवावी लागे. आज आपल्या शेजारपाजारच्या किती घरांत ही कुपी शीतपेटीत ठेवलेली असते! तिला कोणी राक्षसी म्हणत नाही. केंब्रिजमध्ये पुढे औषधे बनविणाऱ्या कंपन्या येऊ लागल्या, आणि १९८१ साली गावाने आपला कायदा त्यांनाही लागू केला. कंपन्या तरीही आल्या. नियम काय आहेत, परवानगी कोणाकडे मागावयाची, हे जेथे आधीच ठरलेले असते तेथे भांडवलालाही निर्धास्त वाटते. आज जगातील जैवतंत्राच्या धंद्याचे ते एक मोठे केंद्र आहे. करोनाच्या साथीत लस काढणाऱ्या मॉडर्ना कंपनीचे ठाणे त्याच गावात आहे. ज्या गावाने सर्वांआधी थांबा म्हटले, त्याच गावात ही विद्या सर्वांत जास्त फोफावली.

आता आपल्या देशाकडे येऊ. येथे कथेचा क्रम उलटा आहे. येथे आधी बियाणे आले आणि प्रश्न मागाहून विचारले गेले. तेव्हा भय कोणते रूप घेते ते पाहण्यासारखे आहे.

१९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एका कापूस-बियाणे कंपनीला व तेथील कृषिखात्याला मिळून एक पेटंट मिळाले. पिकाचे बी पुन्हा पेरले तर उगवू नये, अशी ती युक्ती. लोकांनी तिला नाव दिले, टर्मिनेटर. त्याच वर्षी कर्नाटकात बीटी कापसाच्या चाचण्या चालू होत्या. शेतांत काय पेरले आहे हे आसपासच्या शेतकऱ्यांना धड सांगितलेले नव्हते. बातमी फुटली, दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या, आणि हेच ते वांझ बियाणे अशी आवई उठली. प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने नोव्हेंबरात चाचण्यांची शेते जाळली. वस्तुतः बीटी कापूस हा टर्मिनेटर नव्हे. ती युक्ती बाजारात कधीच आली नाही. बीटी कापसात मातीतल्या एका जीवाणूचे जनुक असते, आणि त्यामुळे बोंडअळीला मारक असे द्रव्य झाडातच तयार होते. म्हणजे आवई खोटी होती. पण तिच्या पोटातला प्रश्न खोटा होता काय? बी कोणाचे? घरचे बी राखण्याचा माझा हक्क राहणार की दरवर्षी दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागणार? बीटी कापूस आपल्याकडे मुख्यतः संकरित वाणाच्या रूपाने आला, आणि संकरित बी घरचे राखून चालत नाही. पायऱ्या चढाव्याच लागल्या. शेतकऱ्याने जीवशास्त्र चुकीचे सांगितले, पण अर्थशास्त्र त्याला बरोबर कळले होते.

२६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. बियाणे जालन्याच्या महिको कंपनीचे, जनुक मोन्सॅन्टोचे. त्याआधीच गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस हजारो एकरांवर उभा असल्याचे २००१ साली उघडकीस आले होते. म्हणजे कर्नाटकात शेतकरी हे झाड जाळीत होता आणि गुजरातेत चोरून लावीत होता! लोक जनुकाला भितात असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या विसंगतीचा उलगडा करून दाखवावा. आम्हांला तीत विसंगती दिसत नाही. शेतकरी हिशेब करतो. फवारणीचा खर्च वाचतो असे दिसले तेथे त्याने झाड घेतले. काही वर्षांतच देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले. पुढे २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणारे, परवानगी नसलेले बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांची मागणी तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची होती. आम्ही त्या मागणीशी सर्वस्वी सहमत नाही, परंतु तीही सांगण्यासारखीच गोष्ट सांगते. जाळणाऱ्याला आणि पेरणाऱ्याला दोघांनाही, निर्णयात आपले मत धरले जात नाही, याचाच राग होता.

मग संकट आले ते कोणत्या वाटेने? राक्षसाच्या वाटेने आले नाही. कापसाची सरकी खाऊन कोणी भलतेच रूप धारण केले नाही. संकट आले गुलाबी बोंडअळीच्या वाटेने. एकच मारक द्रव्य सतत अंगावर घेता घेता त्या अळीच्या काही पिढ्या त्याला निबर होत गेल्या. २०१० साली गुजरातेतील काही भागांत हे कंपनीनेही मान्य केले, आणि २०१७ साली महाराष्ट्रात या अळीने कापसाची दैना उडविली. असे होणार हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते. त्यासाठीच बियाण्याच्या पाकिटासोबत बिनबीटी कापसाची १२० ग्रॅमची वेगळी पुडी देत. ती शेताच्या कडेने पेरली की तेथे साध्या अळ्या जगतात आणि निबर अळ्यांची एकट्यांची वीण वाढत नाही. परंतु हा नियम शेतात फारसा पाळला गेला नाही. दोनपाच एकरांच्या शेतकऱ्याने कडेचे पीक अळीच्या तोंडी का द्यावे, हे त्याला पटेल अशा भाषेत सांगितले कोणी, आणि त्याचे नुकसान भरून देणार होते कोण? त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या घरात शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडाला फडके नाही, हातांत मोजे नाहीत. सभांतून जनुकांवर घमासान वाद चालू असताना मजुराचा जीव घेत होते ते जुनेच विष. भय नको त्या जागी रोखून धरले की खऱ्या धोक्याकडे पाठ होते, हे यवतमाळने शिकविले.

कंपनीने आणि सरकारने धीर दिला तरी आपले लोक त्यावर विश्वास का ठेवीत नाहीत, असे पुष्कळदा विचारले जाते. याचे उत्तर भोपाळला मिळते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्याआधी, १९८१ च्या डिसेंबरात, त्याच कारखान्यात एक कामगार फॉस्जीन वायूने मेला होता. कामगार संघटनांनी धोक्याची हाकाटी केली होती. कोणी ऐकले नाही. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, त्याला भित्रा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

या पार्श्वभूमीवर एकदा तरी आपल्याकडे लोकांना विचारण्यात आले, हे नमूद केले पाहिजे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी तज्ज्ञ समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली. त्या वेळचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंतिम निर्णय राखून ठेवला आणि २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत उघड सुनावण्या घेतल्या. त्यांत आपले नागपूरही होते. सुमारे आठ हजार माणसे आली. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, बियाणे विकणारे, सगळेच. गलका झाला, घोषणा झाल्या. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने त्याच वांग्याला २०१३ साली परवानगी दिली, आणि तेथील शेतकरी ते पिकवितात. स्थगिती योग्य होती की अयोग्य, यावर आजही दोन मते आहेत. आमची तक्रार निर्णयाबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. केंब्रिजच्या आठ माणसांना शंभर तास मिळाले, साक्षी घेण्याचा अधिकार मिळाला, आणि शेवटी त्यांनी अटी लिहून दिल्या. आपल्या आठ हजारांना दोन-चार मिनिटे ध्वनिक्षेपकासमोर उभे राहावयास मिळाले, आणि ते घरी गेले. आरडाओरडा करण्यापलीकडे त्यांच्या हाती काहीच दिले नव्हते, तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला. पुढे कायमची अशी व्यवस्था काहीच उरली नाही.

दरम्यान विद्या थांबलेली नाही. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने एका जीवाणूचा दहा लाखांहून अधिक अक्षरांचा संपूर्ण डीएनए रसायनांतून घडविला आणि तो दुसऱ्या जीवाणूच्या पेशीत बसवून चालता केला. एक जनुक उसने आणण्याची ही गोष्ट राहिली नाही. पोथीच नव्याने लिहिण्याची गोष्ट झाली. तिला संश्लेषित जीवशास्त्र म्हणतात. २०२५ च्या मे महिन्यात भारत सरकारने भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. त्यांत परके जनुक नाही, भाताच्याच जनुकांत दुरुस्ती केलेली आहे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन इशारा दिला की, निसर्गातील रेणूंची आरशातील प्रतिमा असावी अशा उलट्या रेणूंचा जीवाणू घडविण्याच्या वाटेला जाऊ नये, कारण सजीवांची रोगप्रतिकाराची शक्ती त्याला ओळखणारच नाही. पुन्हा एकदा पहिले भय प्रयोगशाळेतूनच आले आहे. तेव्हा भय हे अज्ञानाचेच लेकरू, हा सिद्धान्त आता तरी मोडीत काढावा.

मग आपण नगरजनांनी करावे काय? १९८७ साली, भोपाळनंतर, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या कारखान्यांतील सुरक्षा समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत असे ठरले. ही जागा हजारो प्रेते पडल्यावर मिळाली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९८९ मध्ये, केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या जिवांसंबंधी नियम केले. त्यांत प्रत्येक संशोधन संस्थेत सुरक्षा समिती सांगितली आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीही सांगितली आहे. जिल्हा समितीच्या सभासदांत कारखाना निरीक्षक आहेत, आरोग्य अधिकारी आहेत, कृषी अधिकारी आहेत, प्रदूषण मंडळाचा माणूस आहे. कामगाराचे, शेतकऱ्याचे वा साध्या नागरिकाचे नाव त्या यादीत नाही. भोपाळचा धडा एका कायद्यात शिरला आणि दुसऱ्याच्या दारातून परतला. परंतु गरजेप्रमाणे आणखी सभासद घेण्याची मुभा जिल्हा समितीला आहे. म्हणजे दार लोटलेले आहे, कडी लावलेली नाही.

प्रयोगशाळा, औषधांचे कारखाने, चाचण्यांची शेते महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. त्यांत भांडी धुणारे, पंप चालविणारे, निंदणी करणारे हजारो हात आहेत. त्यांच्या भीतीची टवाळी करू नये आणि तिची आरतीही ओवाळू नये. तिला सुपात घ्यावे आणि पाखडावे. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, कागद दाखवावे लागतात, उलट प्रश्न सोसावे लागतात. केंब्रिजमध्ये तेलाचा व्यापारी आणि शुश्रूषा करणारी जोगीण हे करू शकली, तर आपल्या गावातील शिक्षक, परिचारिका, शेतमजूर आणि यंत्रावरचा कामगार का करू शकणार नाही? आरंभ अगदी लहान गोष्टीने होईल. आपल्या जिल्ह्यात ही समिती आहे काय, ती शेवटची केव्हा बसली आणि तिच्यात आपल्या बाजूने कोण बोलतो, एवढे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन लेखी विचारावे. हा प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही.